दोराच्या या टोकाला

पथकातली पोरं त्यांना विंचूकाका म्हणायची आणि पोरांचं ऐकून सगळं गाव तसंच म्हणायला लागलं. चावले मात्र कुणाला कधी नाहीत. काकू म्हणायच्या, "या विंचवाला नांगी द्यायची राहूनच गेली बघा. असती तर बस आगारात एकतीस वर्षं इंजिनाखाली आडवे पडून राहिले नसते, कधीतरी साहेबाला डसून वरच्या खुर्चीत बसले असते." काका यावर हसायचे आणि नखातलं काळं ग्रीस खिळ्याच्या टोकानं कोरत बसायचे.

नाव पडलं ते विंचेवरून. आता विंच म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट अधांतरी लोंबकळत राहील.

गावाच्या कडेला एक जुनं विमानतळ होतं. विमानं केव्हाच नव्या तळावर निघून गेली. मागं राहिलं ते किलोमीटरभर लांब गवत, पत्र्याची एक शेड आणि वारा दाखवणारी एक विटकी कापडी नळी. दर रविवारी तिथं हवाई स्काउटांचं पथक जमायचं. दहा ते अठरा वर्षांची पोरंपोरी, अंगात आकाशी सदरा, गळ्यात पिवळा स्कार्फ. दुसऱ्या स्काउटांसारख्या गाठी मारायला आणि तंबू ठोकायला ती शिकायचीच. पण त्यावर ढगांची नावं शिकायची, वारा वाचायला शिकायची, आणि सोळावं लागलं की एकेकटी ग्लायडर उडवायची. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ते वर जातं कसं? तर पतंग जातो तसं. कुणीतरी दोर ओढायचा.

तो दोर ओढणारे आपले विंचूकाका. मैदानाच्या एका टोकाला पोरं आणि ग्लायडर, दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रकचं इंजीन, त्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं रीळ, रिळावर हजार मीटर पोलादी दोर, हीच ती विंच, आणि हे सगळं हाकायला लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसलेला एक माणूस. दोर तुटून उसळला तर डोकं राहावं म्हणून जाळी. पलीकडं दिवा सावकाश लुकलुकला की दोर ताणायचा, भराभर लुकलुकला की सणकून ओढायचा. चाळीस सेकंदांत पोर चिमणीएवढं होतं, डोक्यावर येतं, दोर सोडतं आणि आपल्या वाटेनं जातं. दोर खाली पडतो. काका तो गुंडाळतात, ट्रॅक्टर त्याचं टोक पुन्हा पलीकडं नेतो. पुढचं पोर.

गंमत अशी, की एवढी पोरं वर घालवली पण काकांनी त्यांची तोंडं फारशी पाहिली नव्हती. पोरं त्या टोकाला, काका या टोकाला. अठरा वर्षांखालच्या कुणी विंचेपाशी फिरकायचं नाही, हा पथकाचा नियम. तोंड नाही ओळखलं तरी हात ओळखायचे. कोण कसं नाक वर करतं, कोण घाबरून दोर ढिला सोडतं, सगळं इंजिनाच्या आवाजात उतरायचं आणि जोर कमीजास्त करायच्या दांड्यावरून तळहातात यायचं. एकदा बाजारात एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "आमचा मुलगा कसा उडवतो हो काका?"

"कुठला तुमचा?"

"तो कुरळ्या केसांचा."

"केस नाही मला दिसत. घाईघाईनं वर जातो आणि मध्येच विचार बदलतो, तो का?"

"अगदी तोच!" बाईंनी कपाळावर हात मारला. "वडलांवर गेलाय."

असे हे काका. पण विंचेचा एक कायदा होता आणि त्यात त्यांना कुणी हसवू शकत नसे. प्रत्येक खेपेला त्या टोकावरून टेलिफोनवर दोन गोष्टी कळवायच्या: कुठलं ग्लायडर, आणि आत बसलेल्याचं वजन किती. ते काकांनी मोठ्यानं परत म्हणायचं आणि मगच दांड्याला हात लावायचा. कारण जड माणसाला जोर जास्त लागतो, हलक्याला कमी. दांडा जिथं सरकतो त्या लोखंडी पट्टीवर काकांनी कानशीनं खाचा पाडल्या होत्या, जडाची, मधल्याची, हलक्याची. पथकाचे प्रमुख शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून त्यांना भूगोलमास्तर म्हणत. ते कधी घाईत वजन सांगायला विसरले तर काका फोन कानाला लावून नुसते बसून राहायचे. मास्तर पलीकडून ओरडायचे, "अहो ओढा की!" काका म्हणायचे, "काय ओढू? हवा?"

आता काडीची गोष्ट.

काडी म्हणजे काकांची एकुलती एक लेक. हे नाव पथकातलं. दहा वर्षांची असताना आकाशी सदरा घालून पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सदऱ्यात मुलगी आहे की नुसताच सदरा वाळत घातलाय, असा प्रश्न पडावा. काकू दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावायचं काम करायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, वाऱ्यानं उडून जाईल ती." काका म्हणाले, "त्यासाठीच तर चाललीय."

बापलेकीचं एकमेकांशी बोलणं म्हणाल तर मोजून चार शब्द. स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसायची. "जेवलीस?" "हो." "पेपर?" "झाला." "बरा?" "हं." मग काका पेल्यात बघायचे, काडी खिडकीत बघायची. काकू भांडी आपटत म्हणायच्या, "दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं काम करते मी. घरी येऊन बघते तर दोन्ही जबडे बंद. इथं पक्कडच आणायला हवी."

पण काकूंना एक गोष्ट माहीत नव्हती. बोलणं चालायचं, ते रविवारी चालायचं, दोरावरून.

सोळाव्या वर्षी काडी पहिल्यांदा एकटी वर गेली. पथकाकडं एक जुनं लाकडी ग्लायडर होतं, एका माणसाचं, पंख इतके हलके की दोन पोरांनी उचलावेत. काडीचं वजन एक्केचाळीस किलो. सीटखाली शिशाच्या लाद्या ठेवूनसुद्धा ते ग्लायडर हलक्याच्या खाचेवर असं उसळलं की काका पिंजऱ्यात अर्धे उभे राहिले. वर काडीनं शेपूट डावीकडं-उजवीकडं हलवलं. ती खूण असते, जोर जास्त झाला, कमी करा. काकांनी दांडा मागं घेतला. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी कानस काढली आणि सगळ्या खाचांच्या खाली एक नवी खाच पाडली. कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, हातोडा निसटला.

त्या खाचेवरून काडी दोन वर्षं वर गेली. ना धक्का, ना हिसका. लोण्यातून सुरी जावी तशी. आणि वर पोचल्यावर लगेच दोर सोडायची नाही. बाकीची पोरं सुटायला उतावीळ. ही दोन-तीन श्वास धरून ठेवायची. हजार मीटर दोर गुणगुणायला लागायचा. ते गुणगुणणं पिंजऱ्यात यायचं, दांड्यात यायचं, काकांच्या मनगटापर्यंत यायचं. काका इंजीन तसंच धरून ठेवायचे. मग ती सोडायची. घरी आल्यावर पुन्हा "जेवलीस?" "हो." पण काकांचं त्या दिवशी पोट भरलेलं असायचं.

मग ती गेली. मोठी विमानं शिकायला गेली, शिकली आणि मालवाहू विमानावर लागली. कुठल्या कुठं फिरायची. फुलं न्यायची, मासे न्यायची, यंत्रांचे सुटे भाग न्यायची. एकदा दोन घोडे नेले आणि त्यांतला एक सगळ्या प्रवासात शिंकत होता, असं काकूंना फोनवर सांगत होती. काकू हसून हसून खुर्चीतून खाली. मग काकूंनी फोन काकांच्या हातात दिला.

"बरी आहेस?"

"हो. तुम्ही?"

"हो." मग काकांनी फोनकडं असं पाहिलं, की यालाही कुठं खाच आहे का. "आईला देतो हं."

नऊ वर्षं हे असंच. वर्षा-दोन वर्षांनी दोन दिवस यायची, त्यातला एक झोपण्यात जायचा. येताना रविवार कधी सापडायचा नाही. मैदानावर नवी पोरं येत होती, मोठी होऊन जात होती. कधी एखादं सडपातळ पोर यायचं, फोनवर त्रेचाळीस, बेचाळीस असा आकडा यायचा, तेव्हा काकांचा हात आपोआप खालच्या खाचेकडं जायचा. पण तिथं दांडा त्यांनी कधी ठेवला नाही. नऊ वर्षं ती खाच तेल लावून स्वच्छ ठेवली आणि मोकळी ठेवली.

विंचेचा आणखी एक नियम होता. पासष्ट पूर्ण झाली की पिंजऱ्याची किल्ली ठेवायची. कितीही हात चांगला असो, डोळा चांगला असो. काकांची पासष्टी मंगळवारी भरत होती. म्हणजे त्याआधीचा रविवार शेवटचा.

काकांना त्या रविवारी दुसरं काही नको होतं. हार नको, भाषण नको. एक खेप हवी होती. दोराच्या त्या टोकाला काडी, या टोकाला आपण. एवढंच. पण हे तोंडानं मागायचं कसं? तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीन वेळा पुसून ठेवला. शेवटी काकूंनीच ओळखलं आणि लेकीला कळवलं. तिकडून उत्तर आलं, "बघते."

आता 'बघते' म्हणजे काय ते आईबापांनाच ठाऊक. त्यात नाही बसतं, हो बसतं, आणि मधे सगळं आयुष्य बसतं.

शनिवारी काकांनी रीळ धुतलं, दोराचा हातन् हात चाचपला, जाळीला रंग दिला. सात वाजले, आठ वाजले. फाटक वाजलं की उठायचे. एकदा शेजारची मांजर होती, दुसऱ्यांदाही तीच.

"अहो बसा," काकू म्हणाल्या. "तिचं विमान काय सायकल आहे, टांग टाकली की निघालं? आणि आली नाही तर आली नाही. पोर काही उनाडक्या करत नाही, घोडे पोचवते."

"मी कुठं काय म्हणालो?"

"तेच तर. कधी म्हणालात?"

रविवार उजाडला. वाऱ्याचं नाव नाही. कापडी नळी पेंगल्यासारखी खाली लोंबत होती. काका पिंजऱ्यात बसले. शेजारी स्टुलावर दूधवाला बसला होता. पहाटे दुधाची गाडी चालवायचा आणि पुढच्या आठवड्यापासून विंच तोच चालवणार होता. गडी हुशार, पण तोंडाला झाकण नाही.

"काका, किती पोरं वर घातली असतील आजवर?"

"मोजली नाहीत."

"आमच्या गाडीवर तर रोजचे कॅन मोजावे लागतात."

"कॅन परत येतात," काका म्हणाले.

सकाळपासून नऊ खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला फोन वाजला की काकांचे कान टवकारायचे आणि पलीकडून यायचं, "दोन माणसांचं ग्लायडर, वजन एकशे अठ्ठावीस." काका म्हणायचे, "दोघांचं, एकशे अठ्ठावीस." दिवा, इंजीन, दोर. पुढचं.

साडेबारा वाजले. फोन वाजला. भूगोलमास्तरांचा आवाज, आणि त्या आवाजात हसू असं भरलेलं की वरून सांडत होतं. मास्तर भूगोलात पक्के, पण गुपित पोटात ठेवणं त्यांच्या नकाशात नव्हतं.

"विंचूकाका, लाकडी ग्लायडर आहे. एक पाहुणी आहे. एकटीच जाणार म्हणते. वजन..."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

दूधवाला बघतच राहिला. "काका, वजन?"

"ठाऊक आहे म्हटलं ना."

"पण परत म्हणायचं असतं. तुम्हीच शिकवलंत. परवा मी नाही म्हटलं तर तुम्ही मला अर्धा तास..."

"दिवा बघ."

काकांना वजन खरंच ठाऊक होतं. नऊ वर्षांत कितीदा तळहातावर तोललं होतं! त्यांनी दांडा धरला. दिवा सावकाश लुकलुकायला लागला. दोर गवतातून सरपटत ताठ झाला. दिवा भराभर लुकलुकला. काकांनी दांडा पुढं ढकलला आणि अगदी खालच्या, तेल लावून ठेवलेल्या खाचेत बसवला. खटकन बसला.

ग्लायडर पळालं. उचललं. आणि मग काकांच्या लक्षात आलं, की काहीतरी चुकतंय. इंजीन रडायला लागलं. चढावर लागलेल्या भरलेल्या बसचं रडणं ते, एकतीस वर्षं ऐकलेलं. ग्लायडरनं जरा नाक वर केलं आणि पुन्हा खाली घेतलं, पुन्हा जरा वर, पुन्हा खाली. दोराला झोळ येत होता. नऊ वर्षांत लेक मोठी झाली होती, इंजीन म्हातारं झालं होतं; खाच तेवढी होती तिथंच होती.

काकांचा हात दांडा पुढं रेटायला शिवशिवला. पण मध्येच जोर द्यायचा नाही. हिसका बसला की दोर तुटतो नाहीतर पंख. जोर जास्त झाला तर शेपूट हलवून सांगता येतं. कमी पडला तर ते सांगायची खूण कुणी केलेलीच नाही. ज्याला कमी पडतं त्यानं मुकाट दोर सोडायचा आणि समोर दिसेल तिथं उतरायचं. काडीनं तेच केलं. तीन-चार नारळाच्या झाडांइतक्या उंचीवर दोर सोडला, नाक खाली घातलं आणि सरळ समोर उतरायला लागली.

समोर म्हणजे कुठं? विंचेकडं. मागं वळायला उंची नव्हती. इतक्या वर्षांत सगळी ग्लायडरं वळून त्या टोकाला जाऊन उतरायची. हे पहिलंच, जे काकांकडं तोंड करून येत होतं. गवतावर टेकलं, सरकत सरकत मोठं होत गेलं आणि वीसेक पावलांवर येऊन एका पंखावर कलंडून थांबलं.

काकांनी इंजीन बंद केलं. पिंजऱ्याचं दार त्यांना दोनदा सापडलं नाही. दूधवाल्यानं उघडून दिलं.

काच वर झाली. आतून एक उंच, अंगानं भरलेली बाई उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, झोपला होतात की काय?"

"लागलं का कुठं?"

"लागायला काय झालं, उतरले की नीट. पण अर्ध्यात सोडलंत मला! मी आपली वाट बघतेय, आता देतील जोर, आता देतील. आणि इकडं आनंदीआनंद."

काकांनी तिच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. नऊ वर्षांत पाहिली नव्हती असं नाही. पण डोळ्यांनी पाहिलेलं हाताला कुणी कळवलं नव्हतं.

"वजन किती तुझं?"

"असं विचारतात का बाईमाणसाला?"

"किती?"

"सदुसष्ट."

"सव्वीस किलो," काका पुटपुटले.

"नऊ वर्षांत, बाबा! मास्तरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगत होते. मी फोन ठेवला. मला वाटलं, मला ठाऊक आहे."

दूधवाला, ज्याच्या तोंडाला झाकण नव्हतं म्हणून सांगितलं, त्याला एकाएकी आठवलं की दोराची गाठ बघून यायला हवी. तो गवतातून लांब चालत गेला, आणि गाठ बघायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट तिथं वाकून उभा राहिला.

ग्लायडर परत न्यायला त्या टोकावरून ट्रॅक्टर निघाला होता. तो यायला दहा मिनिटं. बापलेकीकडं तेवढीच होती.

काडी पिंजऱ्यात शिरली. आठ वर्षं पथकात काढली, पण इथं पाय ठेवायची तेव्हा परवानगी नव्हती आणि नंतर सवड नव्हती. तिनं खुर्चीची उसवलेली शिवण पाहिली, टेलिफोन पाहिला. मग दांडा पाहिला. तो अजून त्या खाचेतच होता.

"ही कुणाची खाच? सगळ्यांत खाली?"

काकांनी दांडा खाचेतून मागं घेतला. "तुझी."

तिनं खाचेत अंगठा ठेवला. बरोबर मावला. "म्हणजे मी वर जायचे ती..."

"हं."

"आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, की माझा हातच असा आहे म्हणून मला कधी धक्का बसला नाही! सगळ्यांना टेंभा मिरवत सांगितलं मी, बाबा!"

"हातही चांगला होता."

"हे कधी बोलला नाहीत."

"दर रविवारी बोलत होतो. तिकडं ऐकू येत नव्हतं?"

काडी हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "येत होतं. म्हणून तर वर धरून ठेवायचे ना. पण आता मी जिथं असते तिथं दोर नाही येत, बाबा. फोन येतो फक्त."

"फोनवर मला सुचत नाही काही."

"मग वजन विचारा."

"काय?"

"वजन. तेवढं तर सुचेल? बरी आहेस का विचारलं की मी हो म्हणते, तुम्ही आईला देता. वजन विचारलंत तर आकडा सांगावा लागेल. कमी झालं तर का झालं, वाढलं तर काय खाल्लं. मला मुळीच आवडणार नाही. पण विचारा."

काकांनी मान हलवली. त्यांना आणखी पुष्कळ विचारायचं होतं. तिकडं राहतेस ती खोली कशी आहे, खिडकी कुठं उघडते, सकाळी उठल्या उठल्या पहिल्यांदा काय दिसतं, आजारी पडलीस तर पाणी कोण देतं. सगळं जिभेपर्यंत येऊन रांगेत उभं राहिलं. तेवढ्यात फोन खणखणला. मास्तर होते. "अहो, सगळं ठीक आहे ना? इथं पोरं रडायला लागलीत! मी वजन सांगतच होतो!"

"चूक माझी," काका म्हणाले. "ती परत येतेय. पुन्हा वर जाईल."

ट्रॅक्टर धडधडत आला. काडी ग्लायडरचा पंख धरून बाजूनं चालायला लागली. दहा-बारा पावलांवर जाऊन वळली आणि ओरडली, "अन् आज जेवलात का?"

"हो!" काका ओरडले. खोटं होतं ते.

पाऊण तासानं फोन वाजला. "लाकडी ग्लायडर. एकटी. सदुसष्ट." काकांनी मोठ्यानं म्हटलं, "लाकडी. एकटी. सदुसष्ट." आणि दांडा मधल्या खाचेत नेऊन, इंजिनाच्या म्हातारपणाचा थोडा जोर वर देऊन ओढला. या वेळी ग्लायडर नीट चढलं. पण तळहातात आलं ते अगदी नवं होतं. नाक एकदा वर घेतलं ते घेतलं. ठाम, मोठ्या माणसाचा हात, लांब लांब जाणाऱ्याचा. काका शेवटपर्यंत त्यात जुनं काही शोधत होते. मग शोधणं सोडून त्यांनी तो हात जसा होता तसा शिकून घेतला. चाळीस सेकंद मिळतात. माथ्यावर दोर सुटला.

त्या टोकाला पोरांची रांग लागली होती, मघाचा खोळंबा भरून काढायचा होता. दोराचं टोक तिकडं पोचताच फोन वाजला.

"काका, वर बघा की!" दूधवाला मान मागं टाकून म्हणाला. "ऊन तापलंय, तिला वरचा वारा सापडला बघा. चढतेय!"

"दोरावर असेल त्याच्याकडं बघायचं. सुटला की दिव्याकडं," काका म्हणाले. "मंगळवारनंतर तुलाही हेच करायचंय."

"मग मी बघून सांगू का?"

काकांनी पुढच्या पोराचं वजन मोठ्यानं म्हटलं, दोर ताणला, पोर वर घातलं, दोर गुंडाळला. मग दिव्यावरची नजर न काढता म्हणाले, "सांग."

"डावीकडं वळतेय. अजून वळतेय. आता पंख चमकला. गोल गोल घेतेय, जिना चढल्यासारखी. काका, केवढीशी दिसायला लागली."

"मग?"

"आता ढगाच्या कडेला गेलीय. नाही, दिसत नाही आता."

फोन वाजला. काकांनी उचलला, ऐकलं, परत म्हटलं, ठेवला. दांड्याला हात घातला.

"तू कशाला थांबलास?" ते दूधवाल्याला म्हणाले. "दिसली की सांग."